पान उलटायच्या आधी अंदाज लिहा : वायए डिस्टोपियन आणि फँटसी कादंबऱ्या नव्याने वाचणाऱ्यांसाठी

मे महिन्यात माझी भाची सुट्टीला आली होती, दहावी झालेली, मराठी मिडियमची, आणि तिच्या हातात मैत्रिणीने दिलेली एक जाडजूड इंग्लिश कादंबरी. चाळीसएक पानं वाचली आणि पुस्तक उलटं टाकून म्हणाली, "मामा, यात काय चाललंय तेच कळंना. हे शहर कुठलं, ह्यांना एवढं भ्या कशाचं, आणि निम्मे शब्द तर डिक्शनरीतच नाहीत." तिला वाटलं आपलं इंग्लिश कच्चं आहे. मी तिला सांगितलं की तसं नाही गं, हे पुस्तक तुला मुद्दाम काही सांगत नाहीये, कारण तू अंदाज बांधावास असं त्याला वाटतंय. त्या दिवसापासून आम्ही दोघांनी मिळून जे केलं तेच इथे पायरी पायरीने लिहितोय, कारण तिच्यासारखी पोरं मला दर वर्षी भेटतात आणि बहुतेक जण त्या पहिल्या चाळीस पानांतच सोडून देतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

अंदाज बांधणं कोल्हापूरकराला शिकवावं लागत नाही. जुलै उजाडला की घराघरात एकच प्रश्न, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी किती फुटावर? ३९ फूट म्हणजे इशारा पातळी, ४३ फूट म्हणजे धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोराला पण पाठ असतंय. आणि आपण नुसता आकडा बघत नाही, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले, वर पाऊस आहे का, म्हणजे ते पाणी आपल्याकडे कधीपर्यंत येईल, हा सगळा हिशोब मनात चालू असतो. डिस्टोपियन कादंबरी अशीच वाचायची. घरात पाणी शिरल्यावर सगळ्यांनाच कळतं, वरच्या बाजूला काय घडतंय तिकडे आधीपासून लक्ष ठेवणारा वाचक पाहिजे.

पायरी १ : कुठून सुरू करायचं

वायए म्हणजे यंग अडल्ट, साधारण १२ ते १८ वयाच्या वाचकांसाठी लिहिलेलं, आणि गोष्टीतलं मुख्य पोर किंवा पोरगी पण त्याच वयाची. मोठ्यांनी वाचू नये असं काही नाही, मी चाळिशीला आलोय आणि अजून वाचतो. डिस्टोपियन म्हणजे असा समाज जो वरून शिस्तीचा, सुखाचा दिसतो (कधीकधी तेवढाही दिसत नाही) आणि ज्याच्या पोटात कुठलातरी भयंकर नियम बसलेला असतो. फँटसीत जादू असते, वेगळं जग असतं, राजघराणी, शाप, भविष्यवाण्या. हल्ली दोन्हीची सरमिसळ असलेली पण भरपूर पुस्तकं येतात, त्यामुळे या व्याख्यांवर जास्त वेळ घालवू नका.

पहिलं पुस्तक लहान घ्या, ही माझी कळकळीची विनंती. लोकं एकदम सात भागांची, प्रत्येकी सहाशे पानांची मालिका उचलतात आणि दुसऱ्या आठवड्यात तिच्यावर धूळ बसते. डिस्टोपियनसाठी मी नेहमी लोइस लाऊरी यांचं 'द गिव्हर' सुचवतो, १९९३ चं पुस्तक, तेवीस छोटी प्रकरणं, इंग्लिश एकदम साधं, वाक्यं आखूड. तिथे मुलं बारा वर्षांची झाली की त्यांनी आयुष्यभर कुठलं काम करायचं हे वरची मंडळी एका समारंभात ठरवून देतात, एवढंच सांगतो, बाकीचं तुम्ही शोधा. ते झालं की मग सुझॅन कॉलिन्स यांचं 'द हंगर गेम्स', २००८ चं. फँटसीकडे ओढा असेल तर रिक रायर्डन यांची पर्सी जॅक्सनची मालिका, पहिला भाग २००५ चा, त्यात ग्रीक देव आजच्या अमेरिकेत वावरतात आणि सांगणारा पोरगा बारा वर्षांचा असल्यामुळे भाषा गप्पा मारल्यासारखी आहे. इंग्लिशचा फारच धसका असेल तर हॅरी पॉटर मराठीत आलेलं आहे, त्यापासून सुरुवात केली तरी काहीच बिघडत नाही, उलट मालिका कशी वाचायची याची सवय लागते.

आणि एक, या प्रकारचं वाचन आपल्याकडे अगदीच नवं आहे असं समजू नका. जयंत नारळीकर १९३८ साली याच गावात जन्मले, त्यांच्या विज्ञानकथा ज्यांनी शाळेत असताना वाचल्यात त्यांना "असं झालं तर काय होईल" हा प्रश्न चांगला माहीत आहे. डिस्टोपियनमध्ये तोच प्रश्न सरकारला, शाळेला, घराला लावायचा. नारळीकर वाचले नसतील तर हे सगळं बाजूला ठेवून आधी ते वाचा, माझी काही हरकत नाही.

पालकांसाठी दोन ओळी. यातल्या डिस्टोपियन पुस्तकांत हिंसा असते, पोरांची पोरांशी मारामारी आणि मरणं पण असतात, तेव्हा दहा वर्षांच्या पोराला देण्याआधी स्वतः चाळून घ्या. आणि फँटसीत एक अडचण आहे, दुकानात एकाच कप्प्यात १३ वर्षांच्या मुलांची आणि १८ च्या पुढच्यांची पुस्तकं शेजारी शेजारी लावलेली असतात, कव्हरं पण सारखीच गोड, काही मालिका तर आधी वायए म्हणून आल्या आणि नंतर प्रकाशकांनीच त्या मोठ्यांच्या विभागात हलवल्या. मागचं पान वाचून, वयाची सूचना बघूनच घ्या.

पायरी २ : प्रत कुठली घ्यायची

ही पायरी छोटी आहे पण मी यात पैसे घालवलेत म्हणून सांगतो. एकदा फुटपाथवरून शंभर रुपयात एका मालिकेचा दुसरा भाग घेतला, कव्हर चकाचक, आणि ऐन लढाईच्या प्रकरणात २४० पानावरून पान उलटलं तर समोर परत २२५. एक फर्मा (एकत्र छापून दुमडलेल्या सोळा पानांचा गठ्ठा) दोनदा बांधलेला, आणि २४१ ते २५६ ही सोळा पानं गायब. नेमका ज्या पात्राबद्दल मी अंदाज लिहून ठेवला होता त्याचं काय झालं ते त्याच सोळा पानांत होतं. पायरेटेड म्हणजे चोरून छापलेल्या प्रतीत असं होतंच, शाई फुटलेली, कागद पारदर्शक, शेवटची दोन पानं नाहीत. लेखकाला दमडी मिळत नाही ते वेगळंच. त्यापेक्षा अस्सल जुनी प्रत, सेकंड हँड, चारदा हातातून गेलेली असली तरी चालेल. घेताना पानांचे नंबर सलग आहेत का ते भराभर चाळून बघायचं, दोन मिनिटांचं काम आहे.

वाचनालय लावा. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे आपल्या गावात, एवढी जुनी परंपरा असलेल्या गावात राहून आपण पुस्तकासाठी फक्त मोबाईलकडे बघतो. जिथे सभासद असाल तिथे पाहिजे त्या पुस्तकाचं नाव आणि लेखक चिठ्ठीवर नीट लिहून ग्रंथपालांना द्या. चार पोरांनी वेगवेगळ्या दिवशी तीच मागणी केली तर त्याचा विचार होतो, असा माझा अनुभव आहे.

किंडल किंवा फोनवरचं ॲप वापरणार असाल तर आधी फुकट सँपल उतरवा, सुरुवातीची बरीच पानं मिळतात, तेवढ्यात तुमचं आणि त्या पुस्तकाचं जमतंय का ते कळतं. शब्दावर बोट दाबून धरलं की अर्थ येतो ही सोय नवख्यांसाठी लई भारी आहे. पण ती पुढच्या पायरीत सांगतोय तशीच वापरा.

पायरी ३ : पहिली पन्नास पानं, वही आणि तीन अंदाज

इथे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण सगळा खेळ इथेच आहे.

साधी दोनशे पानी वही घ्या. डाव्या पानावर "पुस्तकाने काय सांगितलं", उजव्या पानावर "काय सांगितलं नाही". डिक्शनरी पहिली तीस पानं बंद. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने बारीक रेघ मारा आणि पुढे जा, कारण या पुस्तकांत निम्मे अवघड शब्द लेखकाने स्वतः बनवलेले असतात किंवा साध्या शब्दाला वेगळाच अर्थ दिलेला असतो, ते तुम्हाला कुठल्याच डिक्शनरीत मिळणार नाहीत, अर्थ पुढच्या प्रसंगातून कळतो. तीस पानांनंतर मागे येऊन बघा, निम्म्या रेघांची गरजच उरलेली नसते.

आता एक नमुना करून दाखवतो. हा उतारा कुठल्या पुस्तकातला नाही, भाचीला शिकवण्यासाठी मीच लिहिला होता :

"तिसरा भोंगा झाला तशी आईने घागर उंबऱ्याबाहेर ठेवली. आज माझा वाढदिवस, म्हणून दोन. शेजारच्या दारात एकही नव्हती. आम्ही तिकडे बघत नाही."

चार-पाच छोटी वाक्यं. भाचीने पहिल्यांदा वाचून सांगितलं, "पाणी भरायला ठेवलंय, आणि तिचा वाढदिवस आहे." बरोबर, पण हे झालं डावं पान. उजव्या पानावर काय? मी विचारलं, भोंगा कोण वाजवतंय? तिसरा म्हणजे पहिले दोन कुणासाठी होते? आपल्याकडे ज्यांनी शाहू मिलच्या भोंग्यावर घड्याळ लावलंय त्या आजोबांना विचारा, भोंगा म्हणजे कुणीतरी दुसरं तुमचा दिवस ठरवतंय. मग वाढदिवसाला दोन घागरी का? ही भेट आहे, का वय वाढलं म्हणून हक्क वाढला, का हे जास्तीचं पाणी पुढे कशाने तरी फेडायचं आहे? शेजारच्या दारात घागर नाही म्हणजे घरात माणूस नाही, का माणूस आहे पण त्याचं पाणी तोडलंय? आणि सगळ्यात महत्त्वाचं शेवटचं वाक्य. "आम्ही तिकडे बघितलं नाही" असं नाही, "बघत नाही" असं आहे. म्हणजे ही रोजची सवय आहे. कुणीतरी शिकवलेली आहे. सांगणारी मुलगी ते इतक्या सहज सांगते की तिला त्यात काही वावगं वाटतच नाही, आणि गोष्ट ज्या दिवशी खरी सुरू होईल त्या दिवशी ती तिकडे बघणार, हा पहिला अंदाज भाचीने स्वतः लिहिला. मी सांगितलं नव्हतं. तिचा चेहरा बघायला पाहिजे होता.

मग असे तीन अंदाज लिहायचे, पन्नास पानं झाली की. एक नियमाबद्दल (हा नियम कुणाच्या फायद्याचा आहे), एक माणसाबद्दल (कोण दिसतंय तसं नाही), एक शेवटाबद्दल. तारीख घाला, पान नंबर घाला. चुकले तरी खोडायचे नाहीत.

नियम कसा वाचायचा त्याचं खऱ्या पुस्तकातलं उदाहरण देतो, पहिल्याच प्रकरणातलं आहे म्हणून कुणाची मजा जाणार नाही. हंगर गेम्समध्ये बारा जिल्हे आहेत, दर वर्षी प्रत्येकातून १२ ते १८ वयाचा एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठी टाकून निवडतात, अशी २४ मुलं, आणि त्यांना एकमेकांशी मरेपर्यंत लढवतात. वरवर बघितलं तर चिठ्ठी म्हणजे सगळ्यांना सारखी. पण लेखिका हळूच एक हिशोब देते. बाराव्या वर्षी तुमच्या नावाची एक चिठ्ठी, तेराव्या वर्षी दोन, असं वाढत जातं. घरात खायला नसेल तर जास्तीच्या चिठ्ठीच्या बदल्यात एका माणसाचं वर्षभराचं थोडंसं धान्य आणि तेल मिळतं, घरातल्या प्रत्येक माणसामागे एक चिठ्ठी घेता येते, आणि त्या चिठ्ठ्या पण साठत जातात. गोष्ट सांगणारी नायिका कॅटनिस, तिची आई आणि लहान बहीण, घरात तिघी. म्हणजे दर वर्षी एक नेहमीची आणि तीन धान्याच्या, चार. बारा ते सोळा अशी पाच वर्षं. चार पंचे वीस. सोळाव्या वर्षी तिच्या नावाच्या वीस चिठ्ठ्या आहेत, आणि ज्याच्या घरात धान्य आहे त्याच वयाच्या पोराच्या पाचच.

हा गुणाकार वहीत स्वतः करा. नुसतं वाचून पुढे गेलात तर ते एक वाक्य आहे, करून बघितलात तर कळतं की कुणी तलवार न काढता उपाशी घरातली पोरं जास्त मरावीत अशी व्यवस्था एका साध्या नियमात बसवलेली आहे. ज्यांच्या घरी महिन्याला रेशनच्या लाईनीत उभं राहायला लागतं त्यांना हे प्रकरण कुणी समजावून सांगावं लागत नाही. त्या देशाचं नाव पॅनेम, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ भाकरी. नावं अशी तपासत जा, बऱ्याचदा लेखकाने तिथे खूण ठेवलेली असते.

जन्मावरून माणसाचं काम, जागा, पंगत ठरवणारा समाज हा आपल्याला कल्पनेतला वाटायचं कारण नाही. याच कोल्हापुरात शाहू महाराजांना १९०२ साली संस्थानाच्या नोकऱ्यांतल्या ५० टक्के जागा मागासलेल्या समाजासाठी राखून ठेवायचा हुकूम काढावा लागला होता. त्याआधीचं जग कसं असेल याचा विचार करा आणि मग डिस्टोपियन वाचा, फार वेगळं लागतं.

आणि माझं स्वतःचं एक सांगतो. ऑगस्ट २०१९ च्या पुरात गावात सगळीकडे पाणी आणि नळाला मात्र थेंब नाही, कारण उपसा केंद्रंच पाण्याखाली. लाईट नाही, फोनला चार्जिंग नाही, दिवसा टँकरची वाट बघत कळशी घेऊन रांगेत आणि रात्री टॉर्चच्या उजेडात एका मालिकेचा तिसरा भाग. त्यात शहराचं पाणी तोडल्याचा एक प्रसंग होता, एरवी मी तो दोन मिनिटांत ओलांडून गेलो असतो. त्या रात्री तीनदा वाचला. वरचा घागरींचा उतारा तिथूनच आलेला आहे.

पायरी ४ : फँटसी वाचताना वर आणि पळवाट

फँटसीची भीती लोकांना नावांमुळे वाटते. पन्नास पात्रं, उच्चार न होणारी नावं, पुढे नकाशा, मागे वंशावळ. उच्चार कसाही करा, तुमच्या मनात एकच ठरवा आणि तो बदलू नका, परीक्षा घ्यायला कुणी येणार नाही. नकाशाचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा म्हणजे सारखं मागे उलटायला नको. नकाशात जे ठिकाण ठळक दाखवलंय पण पहिल्या शंभर पानांत तिकडे कुणीच गेलं नाही, तिथे कधीतरी जायचंच आहे असं समजा, हा अंदाज माझा क्वचितच चुकतो.

पण खरी गोष्ट अशी की फँटसी वाचायला जे लागतं ते आपल्याला आजीनेच शिकवलंय. हिरण्यकश्यपूचा वर आठवा. दिवसा मरण नको, रात्री नको, घरात नको, बाहेर नको, माणसाच्या हातून नको, जनावराच्या हातून नको, शस्त्राने नको. लहानपणी आपण ही यादी ऐकतानाच डोकं लावायचो, मग मारणार कसा? आणि संध्याकाळ, उंबरा, नरसिंह, नखं आली की टाळी. प्रत्येक अट पाळली गेली आणि तरी पळवाट निघाली. भस्मासुराचं पण तेच, वर खरा ठरला आणि त्याच्यावरच उलटला.

फँटसीतली भविष्यवाणी, शाप, शपथ, करार हे सगळं नेमकं असंच वाचायचं. ज्या पानावर ती भविष्यवाणी येते तिथे थांबा, ती शब्द न् शब्द वहीत उतरवा, आणि प्रत्येक शब्दाखाली विचारा, याचा दुसरा अर्थ काय निघू शकतो? "राजाचा मुलगा" म्हटलंय, पण कुठल्या राजाचा? "परत येणार नाही" म्हटलंय, म्हणजे मरणार का तिकडेच राहणार? चांगला लेखक तुम्हाला फसवत नाही, त्याने उत्तर समोर ठेवलेलं असतं, फक्त तुम्ही एकच अर्थ धरून बसलेले असता. (भाषांतरात वाचत असाल तर इथे जरा गडबड होऊ शकते, कारण शब्दाचे दोन्ही अर्थ मराठीत येतीलच असं नाही, तेवढी एक ओळ मुळातून मिळाली तर बघा.)

दुसरं, जादूची किंमत. जादू करणाऱ्याला ती केल्यावर काय सोसावं लागतं? रक्त, आठवण, आयुष्य, झोप? किंमत पहिल्या भागात किरकोळ वाटते आणि शेवटच्या भागात तीच गळ्याशी येते. ज्या पुस्तकात जादूला काहीच किंमत नाही ते मी स्वतः अर्ध्यात सोडतो, मला त्यात राम वाटत नाही, पण हे माझं मत झालं.

पायरी ५ : अंदाज कशावरून बांधायचा

थोडक्यात सांगतो कारण हे वाचून नाही, करून येतं. जी वस्तू दोनदा दिसली ती तिसऱ्यांदा कामाला येणार. ज्याचं प्रेत कुणी बघितलं नाही तो मेलेला नाही, निदान शंभर पानं तरी तसं धरून चाला. जो मोठा माणूस पोरांशी विनाकारण फार चांगला वागतो त्याचं नाव उजव्या पानावर लिहा. कुठल्याही नियमातून ज्यांना सूट आहे त्यांची यादी करा, खरी सत्ता तिथेच बसलेली असते. आणि गोष्ट कोण सांगतंय ते विसरू नका, हंगर गेम्स पूर्ण "मी" या सुरात आणि वर्तमानकाळात आहे, म्हणजे कॅटनिसला जे माहीत नाही ते तुम्हालाही कुणी सांगणार नाही, आणि तिचे लोकांबद्दलचे गैरसमज तुमचेही होतात. तिने एखाद्याबद्दल पटकन मत बनवलं की मी तिथे प्रश्नचिन्ह काढतो.

तीन भागांची मालिका असेल तर बहुतेक वेळा आकार असा असतो : पहिल्या भागात एकट्याचा जीव वाचवणं, दुसऱ्यात जग वाटलं त्यापेक्षा मोठं निघणं, तिसऱ्यात सगळं मोडून पडणं आणि त्याचा हिशोब. दुसरा भाग जवळजवळ नेहमीच वाईट जागी तुटतो. म्हणून दुसरा संपत आला की तिसरा हातात असल्याशिवाय शेवटची पन्नास पानं वाचू नका, रात्री अकरा वाजता तर नकोच. भाचीने ऐकलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला माझ्या दारात, "मामा तिसरा भाग दे आधी, चहा नंतर."

अंदाज चुकला की वाईट वाटून घेऊ नका, उलट मागे जा. लेखकाने खूण ठेवली होती आणि तुमच्या नजरेतून निसटली, का खूण नव्हतीच? पहिलं असेल तर लेखक पक्का. दुसरं असेल तर शेवट उगाच चिकटवलाय, असं म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, कारण तुमच्या वहीत पान नंबरासकट पुरावा आहे.

पायरी ६ : नवीन पुस्तक येणार असेल तेव्हा

एकदा गोडी लागली की पुढचा भाग कधी येतोय याची वाट बघणं चालू होतं, आणि हा काळ वाया घालवायचा नाही. साधारण क्रम असा असतो. आधी घोषणा, मग नाव, मग कव्हर दाखवतात, मग एखादं प्रकरण वाचायला देतात, मग पुस्तक. कॉलिन्स यांच्या 'सनराइज ऑन द रीपिंग'ची घोषणा जून २०२४ मध्ये झाली आणि पुस्तक आलं १८ मार्च २०२५ ला, म्हणजे नऊ महिने. तो मंगळवार होता, अमेरिकन प्रकाशक नवीन पुस्तकं बहुतेक मंगळवारीच काढतात, त्यामुळे तारीख बघून कॅलेंडरवर खूण करून ठेवता येते. पहिली आवृत्ती बऱ्याचदा महागडी असते, साधी पेपरबॅक नंतर येते, तिकडे साधारण वर्षभराने. पैसे साठवायचे का थांबायचं हे तुमचं तुम्ही ठरवा, मी मालिका मनापासून आवडलेली असेल तरच आधी घेतो.

नवीन आलेलं पुस्तक आधीच्या काळातलं असलं तर क्रमाचा घोळ होतो. हंगर गेम्सचंच घ्या, २००८, २००९, २०१० असे मूळ तीन, मग २०२० ला आलेलं पुस्तक ६४ वर्षं आधीच्या काळातलं, आणि २०२५ चं पन्नासाव्या खेळाबद्दल, म्हणजे मूळ गोष्टीच्या २४ वर्षं आधीचं. नवखी पोरं विचारतात, मग काळाच्या क्रमाने वाचू का? नाही. ज्या क्रमाने छापली त्या क्रमाने वाचा. मागच्या काळातली पुस्तकं लेखिकेने असं धरूनच लिहिलीत की पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे, आणि त्यातलं सगळं दुःख त्या ठाऊक असण्यातच आहे.

वाट बघताना मागचा भाग परत वाचा, पण यावेळी फक्त वही घेऊन, जे प्रश्न सुटले नाहीत तेवढेच शोधत. चार जणांनी मिळून केलं तर अजून चांगलं. आम्ही पाच-सहा जण रविवारी संध्याकाळी रंकाळ्यावर बसतो, भेळ होते, आणि प्रत्येकाने एकच अंदाज मांडायचा, तो पण कुठल्या पानावरून ते दाखवून. "मला असं वाटतंय" एवढ्यावर भागत नाही, पान दाखव म्हणतात पोरं. यात नववीच्या मुलाने एम. ए. झालेल्याला गप्प केलेलं मी बघितलंय.

स्पॉयलरपासून जपा. पुस्तक यायच्या आठवड्यात व्हिडिओच्या नुसत्या फोटोवरच शेवट लिहिलेला असतो, मला एकदा असाच एका पात्राचा मृत्यू सकाळी उठल्या उठल्या कळला होता. पात्रांची आणि पुस्तकाची नावं फोनमध्ये म्यूट करा, ग्रुपवर आधीच सांगून ठेवा की माझं वाचून होईपर्यंत कुणी बोलायचं नाही.

आणि नवीन भागाबद्दलचे अंदाज वहीत लिहिले की ते पान दुमडून स्टेपल करायचं, वर फक्त तारीख. आधीचं खोडून नंतर "मला माहीतच होतं" म्हणायची सोय राहत नाही. भाचीने गेल्या महिन्यात एक पान असं बंद करून वही माझ्याकडे ठेवलीय, तिच्या घरी धाकटा भाऊ उघडतो म्हणून. ते पुस्तक यायला अजून वेळ आहे. दोन पिना मारल्यात तिने, आणि वर लिहिलंय, "मामाने पण बघायचं नाही."